सोलापूर भागात मधपेट्यांना साखरेचा पाक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर, मोहोळ, पंढरपूर, सांगोला, मंगळवेढा, बार्शी या पट्ट्यात पेटीत पाळल्या जाणाऱ्या माश्या बहुतेक मेलिफेरा, म्हणजे इटालियन जातीच्या आहेत. खालची मापं त्यांच्या लँगस्ट्रॉथ पेटीसाठी, म्हणजे पोळं धरणाऱ्या सुट्या लाकडी चौकटींच्या पेटीसाठी आहेत. सातेरीसाठी, म्हणजे आपल्या लहान देशी माशीसाठी, वेगळा प्रश्न पुढे घेतला आहे.

पुस्तकात लिहिलंय की हिवाळ्याआधी घट्ट पाक देऊन पेटी भरून घ्यावी. सोलापुरात दिवाळीच्या सुमारास हे करायचं का?

नाही. तो सल्ला बर्फाच्या मुलखासाठी आहे. काश्मीर, हिमाचलचा उंच भाग किंवा युरोप इथे हिवाळ्यात फूल मिळत नाही. माश्या पोळ्यावर गोळा होऊन महिनोन्महिने आतच बसतात आणि साठवलेल्या मधावर जगतात. ब्रिटनसारख्या देशात एका वसाहतीला त्यासाठी साधारण १८ ते २० किलो साठा लागतो. म्हणून तिथले मधपाळ सप्टेंबरमध्ये घट्ट पाक देतात आणि कडाका पडायच्या आत ते काम संपवतात, कारण पाकातलं पाणी उडवून तो झाकणबंद करायला माश्यांना ऊब लागते.

आपल्याकडे डिसेंबरच्या रात्रीसुद्धा पारा १० अंशांच्या खाली क्वचितच जातो आणि दुपारी माश्या नेहमीसारख्या कामावर असतात. उलट कार्तिक ते माघ हाच आपला फुलांचा हंगाम. तूर फुलते, रब्बी सूर्यफूल येतं, ज्वारीचा पराग मिळतो, मग करडई आणि बियाण्याचा कांदा. अशा वेळी घट्ट पाकानं पेटी भरली तर दोन नुकसानं होतात. राणीला अंडी घालायला मोकळी घरं उरत नाहीत आणि तो पाक पुढे मधाच्या चौकटीत चढतो.

आपल्या पेट्या उपाशी पडतात त्या वेळा दोन. एक मे ते जूनचा पहिला पंधरवडा आणि दुसरी पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर. साठ्यासाठीचा पाक या दोन वेळांचा विचार करूनच द्यायचा.

मग आश्विनात पाक द्यायचाच नाही?

द्यायचा, पण पातळ, थोडा आणि वेगळ्या हेतूनं. पावसाळ्यात वसाहत आक्रसलेली असते. आठ चौकटींची पेटी चार-पाच चौकटींवर येते. पातळ पाक थोडा थोडा मिळत राहिला की बाहेर मकरंद सुरू झाल्यासारखं माश्यांना वाटतं, त्या राणीला जास्त खाऊ घालतात आणि अंडी वाढतात.

इथे हिशेब दिवसांचा आहे. अंड्यापासून कामकरी माशी बाहेर पडायला २१ दिवस लागतात. त्यानंतर साधारण तीन आठवडे ती पेटीतली कामं करते आणि मग फुलावर जाते. म्हणजे आज घातलेलं अंडं फुलावर पोचायला सहा आठवडे. ऑक्टोबरमध्ये पेरलेलं सूर्यफूल डिसेंबरमध्ये फुलतं. त्या शेतात पेटी ठेवायची असेल तर घटस्थापनेच्या सुमारास पाक सुरू झाला पाहिजे. करडई त्याच्याही नंतर फुलते, तिच्यासाठी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केली तरी चालते. तुरीसाठी मात्र सप्टेंबर उजाडताच हात घालावा लागतो. फुलं दिसल्यावर पाक सुरू करणाऱ्याच्या माश्या तयार होतात तेव्हा फुलोरा उतरणीला लागलेला असतो.

पेटीत साठा किती आहे, हे कसं ओळखायचं?

पेटी मागच्या बाजूनं दोन बोटं वर उचलून बघायची सवय लावा. आठवड्याला एकदा एवढं केलं तरी हाताला फरक कळतो. नेमकं माप हवं असेल तर ताणकाट्याला दोरी लावून पेटीची मागची कड जरा उचला आणि आलेलं वजन दुप्पट करा. रिकाम्या पेटीचं, झाकणाचं, चौकटींचं वजन आधी लिहून ठेवलेलं असलं की बाकीचा हिशेब सोपा.

उघडून बघताना हे लक्षात ठेवा : मेलिफेराची पूर्ण, दोन्ही बाजूंनी झाकणबंद मधाची खोल चौकट सुमारे अडीच ते तीन किलो भरते. अंडी-अळ्या चालू असलेली आठ चौकटींची वसाहत टंचाईत आठवड्याला किलोभर मध सहज संपवते. म्हणून मार्चच्या शेवटी शेवटचा मध काढताना किमान दोन भरल्या चौकटी, म्हणजे पाचेक किलो, पेटीतच राहू द्या. लोभानं त्याही काढल्या तर मे महिन्यात तेवढीच साखर विकत आणून घालावी लागते, आणि साखर म्हणजे मध नव्हे. साखरेत प्रथिनं, खनिजं, परागाचा अंश यातलं काही नसतं.

पाक द्यायची वेळ आली, याची खूण म्हणजे पिल्लांच्या चौकटीच्या वरच्या कडेला असणारी मधाची कमान नाहीशी होणं. अळ्यांभोवतीचं पांढरं, ओलसर खाद्य कमी झालं आणि अळ्या कोरड्या दिसू लागल्या, तर उशीर झालेला आहे.

पाक नेमका कसा करायचा?

दोन प्रकार पुरेसे आहेत.

पातळ पाक : १ किलो साखर, १ लिटर पाणी. सुमारे १.६ लिटर होतो. अंडी वाढवायला आणि कडक उन्हाळ्यात हाच वापरायचा.

घट्ट पाक : २ किलो साखर, १ लिटर पाणी. सुमारे सव्वादोन लिटर होतो. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात साठा करायला.

पाणी उकळून भांडं चुलीवरून खाली उतरवा आणि मगच साखर घालून ढवळा. साखर टाकल्यावर पुन्हा जाळावर ठेवू नका. तळाला साखर करपली की तिच्यात माश्यांना बाधणारे पदार्थ तयार होतात. तारी पाक करायचा नाही, साखर फक्त विरघळवायची. पातळ पाक कोमट पाण्यातही होतो. घट्ट पाकाला मात्र गरम पाणी हवं, कारण साध्या पाण्यात एवढी साखर जेमतेमच विरघळते आणि रात्री गार झाल्यावर तळाशी खडे धरते. पूर्ण निवल्यावर गाळून द्या.

पाणी पिण्याचंच घ्या. आपल्याकडच्या बऱ्याच बोअरचं पाणी खारं आहे आणि क्षारांनी माश्यांचं पोट बिघडतं. साखर नेहमीची पांढरी, एस-३० किंवा एम-३० कुठलीही. एस-३०चा बारीक दाणा लवकर विरघळतो एवढाच फरक. गोदामातली सांडलेली, माती लागलेली स्वस्त साखर घेऊ नका.

गूळ, काकवी, खांडसरी किंवा उसाचा रस चालेल का? इथे ते स्वस्त मिळतं.

नको. माणसासाठी गुळात जे चांगलं, म्हणजे खनिजं आणि मळीचा अंश, तेच माशीला पचत नाही. तिच्या आतड्यात तो गाळ साठतो आणि हगवण लागते. पेटीच्या पुढच्या फळीवर आणि चौकटींवर पिवळट-तपकिरी डाग दिसले की समजा. उसाचा रस तर काही तासांत आंबतो. साखर जितकी शुद्ध आणि पांढरी, तितकी माशीला बरी.

याच कारणासाठी गाळप हंगामात पेट्या गुऱ्हाळापासून आणि कारखान्याच्या आवारापासून लांब ठेवा. माशी दोन-तीन किलोमीटर सहज जाते. फुलं कमी असली की ती रसाकडे वळते, कढईच्या वाफेत आणि उकळत्या रसात मरते, आणि उरलेल्या माश्या तोच रस पेटीत आणून भरतात.

पाकात लिंबू, व्हिनेगर किंवा हळद घालावी का?

काहीच घालू नका. लिंबानं साखर फुटते आणि माशीला पचायला सोपी जाते, असं जुनं मत आहे. साखर फोडायचं विकर माशीच्या ग्रंथींमध्येच असतं, तिला मदतीची गरज नाही. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की साखरेतून एचएमएफ नावाचा पदार्थ बनतो. तो माश्यांना विषारी आहे, त्यांचं आयुष्य घटवतो. हळदीचा काही फायदा नाही.

कुठलं भांडं वापरावं?

सोपं आणि भरवशाचं म्हणजे चौकट फीडर. चौकटीच्या आकाराचा, वरून उघडा प्लॅस्टिकचा किंवा लाकडी डबा एका चौकटीच्या जागी बसतो. दीड-दोन लिटर पाक मावतो. आत तरंगणारं काहीतरी टाकलंच पाहिजे, नाहीतर सकाळी डब्यात मेलेल्या माश्यांचा थर दिसेल. ज्वारीच्या कडब्याची धाटं बोटभर लांबीची कापून टाका. ती हलकी असतात, तरंगतात, माशीचे पाय त्यांवर घट्ट बसतात. फवारणी झालेल्या शेतातली धाटं मात्र घेऊ नका, आणि दर आठवड्याला बदला. थर्माकोल टाळा, माश्या तो कुरतडतात.

उलटी बरणी हा दुसरा मार्ग. झाकणाला एक ते दीड मिलिमीटरची सहा-सात भोकं पाडायची, बरणी भरून आतल्या झाकणाच्या छिद्रावर पालथी ठेवायची. आधी बाहेर उलटी धरून बघा. चार थेंब पडून धार थांबली पाहिजे. हिच्यात सोलापूरच्या उन्हाची एक अडचण आहे. अर्धी रिकामी बरणी दुपारी तापली की आतली हवा फुगते आणि पाक थेट माश्यांवर गळतो. त्यानं माश्या चिकट होतात, पाक फटींतून बाहेर येतो आणि लूट, म्हणजे दुसऱ्या पेट्यांतल्या माश्यांची चोरी, सुरू होते. त्यामुळे रात्रीत संपेल एवढंच माप लहान बरणीत काठोकाठ भरा आणि सकाळी बरणी काढून घ्या.

जाड प्लॅस्टिकची पिशवी पाऊणभर भरून चौकटींवर आडवी ठेवून वरच्या बाजूला टाचणीनं भोकं पाडली तरी काम होतं. तिच्यासाठी वरच्या झाकणाखाली दोन-अडीच इंचांची मोकळी कड लागते.

दारात लावायचा फीडर आणि शेतात उघड्या परातीत ठेवलेला पाक, दोन्ही नकोत. उघड्या परातीवर तुमच्या सशक्त पेट्या, शेजाऱ्याच्या पेट्या, आग्या माश्या आणि मुंग्या जेवतात. ज्या कमजोर पेटीसाठी पाक केला ती उपाशीच राहते. शिवाय एका पेटीचा रोग सगळीकडे पोचतो.

किती आणि कधी द्यायचा?

सूर्य मावळल्यावर, उडणं थांबल्यावर. दिवसा पाक मिळाला की माश्यांना वाटतं जवळच कुठेतरी मोठा झरा आहे, आणि त्या आसपास शोधत सुटतात. त्यातून दुसऱ्याच्या पेटीत घुसणं सुरू होतं.

अंडी वाढवण्यासाठी पाच-सहा चौकटींच्या वसाहतीला एक दिवसाआड ३०० ते ५०० मिलिलिटर पातळ पाक, तीन आठवडे. मध्येच तोडू नका. पाक सुरू करून राणीला कामाला लावलं आणि आठवड्यानं सोडून दिलं, तर वाढलेल्या अळ्यांना पोसायला काही उरत नाही आणि माश्या त्या बाहेर काढून टाकतात. दारासमोर पांढऱ्या अळ्या पडलेल्या दिसल्या तर आधी उपासमारीची शंका घ्या.

साठ्यासाठी उलट पद्धत : घट्ट पाक, एका वेळी एक ते दीड लिटर, तीन-चार दिवसांत काम आटपायचं. थोडा थोडा दिला तर साठ्याऐवजी अंडी वाढतात आणि साखर तिथेच खर्च होते. ३ किलो घट्ट पाकातून पेटीत साधारण २ ते सव्वादोन किलो साठा बसतो, कारण पाणी उडवण्यात आणि साखर फोडण्यात माश्यांचीही शक्ती जाते.

वसाहत रात्रीत संपवेल त्याहून जास्त कधी ठेवू नका. एका जागच्या सगळ्या पेट्यांना एकाच संध्याकाळी द्या, कमजोर पेटीला मापानं कमी.

पाक दिल्याच्या दुसऱ्या दिवशी दारात माश्यांची मारामारी दिसते. काय झालं?

लूट. या कामात सगळ्यात जास्त वसाहती हिच्यानंच जातात. खुणा : दारात दोन-दोन माश्या कुस्ती खेळताना, पेटीच्या कोपऱ्यांना आणि झाकणाच्या फटीला हुंगणाऱ्या माश्या, काळ्या चकचकीत, केस झडलेल्या माश्या, तळपाटावर मेणाचा भुगा. दुपारी नव्या माश्यांची उड्डाणं होतात तीही गर्दी असते, पण त्या दाराकडे तोंड करून हवेत डोलतात, भांडत नाहीत.

लगेच करायचं ते असं. दार एका माशीपुरतं, म्हणजे सेंटिमीटरभर ठेवा. पेटीवर ओलं गोणपाट टाका, पुढचा भागही झाकला जाईल असं. फटी शेणमातीनं लिंपा. सांडलेल्या पाकावर भरपूर पाणी ओता. फीडर काढा आणि दोन दिवस कुठल्याच पेटीला पाक देऊ नका. एवढ्यानं थांबलं नाही तर लुटली जाणारी पेटी अंधार पडल्यावर किमान तीन किलोमीटर लांब हलवा. दार पूर्ण बंद करून दिवसभर ठेवू नका. आपल्या उन्हात आतलं मेण वितळून वसाहत गुदमरते.

आधीच काळजी घेतली तर हे टळतं. पाक सुरू करण्याच्या आदल्या दिवशी दार लहान करा, फटी बुजवा आणि ओतताना खाली जुनं फडकं धरा. थेंबसुद्धा बाहेर पडू नये.

माश्या पाक घेतच नाहीत.

बहुतेक वेळा कारण चांगलं असतं : बाहेर मकरंद सुरू झालेला आहे. फुलांतून मिळत असताना त्या साखरेला तोंड लावत नाहीत. फीडर काढून टाका. दुसरं कारण म्हणजे पाक आंबलाय. वास घ्या, बुडबुडे बघा. तिसरं, वसाहत इतकी लहान की फीडरपर्यंत माश्या पोचतच नाहीत. अशा वेळी फीडर माश्यांच्या गोळ्याला चिकटून ठेवा. राणी नसलेली वसाहतही मंदावते, म्हणून अंडी आहेत का ते बघून घ्या.

पाक रोज संपतो, तरी पिल्लं वाढत नाहीत. का?

पराग नाही म्हणून. साखर म्हणजे फक्त ताकद. अळीचं अंग परागातल्या प्रथिनांवर बनतं. परागाशिवाय पाक दिला तर माश्या स्वतःच्या अंगातलं प्रथिन खर्चून अळ्या पोसतात, लवकर म्हाताऱ्या होतात, आणि वसाहत वाढायच्या ऐवजी खचते. पाक सुरू करण्याआधी पाच मिनिटं दारात उभं राहून बघा, पायांवर परागाच्या गोळ्या येतायत का. पावसाळ्यात आपल्याकडे बाजरी, मका, बाभूळ यांमुळे पराग बऱ्याचदा मिळतो, मकरंद तेवढा नसतो. तेव्हा पाक लागू पडतो. मेच्या शेवटी दोन्ही नसतं.

पराग नसेल तर पर्यायी खाद्य करा : तेल काढलेल्या, भाजलेल्या सोयाबीनचं पीठ ३ भाग, ब्रूअर्स यीस्ट १ भाग, साय काढलेल्या दुधाची भुकटी १ भाग, वजनानं. घट्ट पाकात मळून चपातीच्या कणकेइतपत करा. १०० ग्रॅमची चपटी वडी बटर पेपरमध्ये गुंडाळून, खालच्या बाजूनं कागदाला चिरा देऊन, पिल्लांच्या चौकटींवर ठेवा. कच्च्या सोयाबीनचं पीठ वापरू नका, त्यातले घटक प्रथिन पचू देत नाहीत. आठवड्यात संपली नाही तर काढून टाका. राहिलेल्या वडीत अळ्या आणि बुरशी होते.

पर्यायी खाद्यात किंवा पाकात बाजारातला मध घातला तर माश्या जास्त आवडीनं खातात ना?

खातात, आणि त्यासोबत रोगही घेतात. पिल्लं सडवणाऱ्या अमेरिकन फाउलब्रूडचे बीजाणू मधात वर्षानुवर्षं जिवंत राहतात. स्वतःच्या, निरोगी, माहितीतल्या पेटीचा मध असेल तरच घाला.

सातेरीला किती द्यायचा?

सातेरीची वसाहत लहान, म्हणून माप १५० ते २०० मिलिलिटर, एक दिवसाआड. तिची भरलेली चौकट पाऊण किलोच्या आसपास असते, म्हणजे तिचा साठाही लवकर आटतो. मेलिफेरा उपाशी मरते पण सहसा घर सोडत नाही. सातेरी खाद्य संपताना दिसलं की राणीसकट पेटी सोडून निघून जाते. अंडी बंद होणं, साठा संपणं, परागाची ये-जा थांबणं, या तिन्ही गोष्टी एकदम दिसल्या तर त्याच संध्याकाळी पाक द्या. मोकळ्या पोळ्याच्या घरांत बारीक भोकांच्या बाटलीनं पाक शिंपडून ती चौकट गोळ्याशेजारी लावली तर सातेरी फीडरपेक्षा लवकर घेते. जवळच मेलिफेराच्या पेट्या असतील तर विशेष जपा. लुटीत सातेरी टिकत नाही.

उन्हाळ्यात पाक द्यावा का?

आधी पाणी आणि सावली. ४२-४३ अंशांत माश्या पाण्यानं पेटी थंड ठेवतात, आणि पाणी लांब असेल तर सगळ्या कामकरी त्यातच गुंततात. पेट्यांजवळ उथळ भांड्यात खडे टाकून पाणी ठेवा आणि ते एकही दिवस आटू देऊ नका, कारण माश्या एकदा दुसरीकडे वळल्या की परत येत नाहीत. पेटी कडुलिंबाच्या किंवा चिंचेच्या सावलीत, वर ओलं गोणपाट. एवढं करूनही साठा पाच किलोंच्या खाली गेला तर पातळ पाक द्या. मे महिन्यात तो दुसऱ्याच दिवशी आंबायला लागतो, म्हणून रोजचा रोज करा आणि फीडर गरम पाण्यानं धुवा.

पेटी उघडली तर तळाला मेलेल्या माश्यांचा खच, उरलेल्या घरांत डोकं खुपसून पडलेल्या. काही करता येईल का?

हालचाल असेल तर लगेच करा. कोमट पातळ पाक स्प्रे बाटलीनं थेट माश्यांवर हलकासा फवारा, चिंब करू नका. रिकाम्या पोळ्याच्या एका बाजूला पाक भरून ती चौकट त्यांना चिकटून लावा. तासाभरात माश्या चालू लागतात. मग फीडर, लहान दार, आणि जास्तीची रिकामी पोळी बाहेर. ती ठेवली तर मेणकिडा धरतो. दुसऱ्या सशक्त आणि निरोगी पेटीतली झाकणबंद मधाची एक चौकट मिळाली तर साखरेपेक्षा ती बरी.

डाळिंबाच्या बागेत परागीभवनासाठी पेट्या ठेवल्यात. तिथे पाक द्यावा का?

थोडा पातळ पाक पेटीच्या आत देणं फायद्याचं आहे. मकरंद आणणाऱ्या काही माश्या त्यामुळे मोकळ्या होऊन परागाकडे वळतात, आणि डाळिंबाला तेच हवं. बागेत पाक शिंपडायचा मात्र नाही. त्यानं माश्या फुलावर न जाता पानं चाटत बसतात आणि मुंग्या-बुरशी वाढते.

फवारणीच्या दिवशी पाक देऊन माश्या घरात थांबवता येतील, हा समज चुकीचा आहे. पाक असला तरी त्या फुलावर जातातच. बागायतदाराशी आधीच ठरवून घ्या की फुलोऱ्यात कीटकनाशक टाळायचं, अगदीच लागलं तर माश्या घरी आल्यावर, संध्याकाळी उशिरा. जास्त विषारी औषध असेल तर आदल्या रात्री पेट्या हलवणं हाच उपाय.

पाक दिला म्हणजे मधात भेसळ झाली का?

मधकोठी, म्हणजे काढायच्या मधासाठीचा वरचा मजला, चढवलेली असताना दिला तर हो. माश्या पाक वर नेऊन भरतात, आणि ग्राहकाच्या हातात पडते ती उसाची साखर. ती प्रयोगशाळेत सापडतेही. ऊस सी-४ गटातली वनस्पती असल्यानं तिच्या साखरेतला कार्बन वेगळा ओळखू येतो आणि एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या मानकात मधातल्या सी-४ साखरेची मर्यादा ७ टक्के आहे. म्हणून फुलोरा सुरू व्हायच्या आठवडाभर आधी पाक थांबवा, शिल्लक पाकाच्या चौकटी खुणा करून खालच्या कोठीतच ठेवा आणि मधकोठी त्यानंतरच चढवा. मध काढताना खुणेच्या चौकटींना हात लावू नका. मध विकणाऱ्यानं हे पाळलंच पाहिजे, यात तडजोड नाही.

मुंग्या पाकाला लागतात.

स्टँडचे चारही पाय पाणी भरलेल्या वाट्यांत ठेवा आणि पाण्यावर थोडं जुनं इंजिन ऑइल टाका म्हणजे ते लवकर आटत नाही. वाटीवर माश्या येऊन मरू नयेत म्हणून वर पत्र्याचं छोटं झाकण घ्या. गवताची काडी किंवा फांदी पेटीला टेकलेली असेल तर मुंग्या तिच्यावरून चढतात. पेटीभोवती मुंग्यांची पावडर टाकू नका, ती माश्यांनाही मारते.

माईट असलेल्या पेटीला पाक देऊन उपयोग होतो का?

आधी माईटचा, म्हणजे माश्या आणि पिल्लांवर जगणाऱ्या बारीक परजीवीचा बंदोबस्त, मग पाक. पिल्लं वाढली की वरोआ माईटही त्यांच्यावरच वाढतो. सुमारे १२० मिलिलिटरचं माप भरून, म्हणजे सुमारे ३०० माश्या, राणी त्यात नाही याची खात्री करून जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्या, दोन चमचे पिठीसाखर घालून मिनिटभर घोळवा आणि पांढऱ्या कागदावर झटका. नऊपेक्षा जास्त माईट पडले तर उपचार करूनच पाक सुरू करा. फॉर्मिक ॲसिड वापरणार असाल तर ऑक्टोबरची उष्णता लक्षात घ्या. ३० अंशांच्या वर त्याची वाफ जास्त सुटते आणि राणी जाऊ शकते.

पाकाचा खर्च झेपत नाही. दुसरा काही मार्ग?

पेट्या फुलांमागे हलवणं. ऑक्टोबरनंतर मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी-करडई, भीमेच्या आणि उजनीच्या कालव्याच्या पट्ट्यात सूर्यफूल आणि मका, जिथे बियाण्याचा कांदा असेल तिथे जानेवारी-फेब्रुवारी. मार्च-एप्रिलमध्ये गावाभोवतीचे कडुलिंब आणि करंज. हलवणं रात्रीच, दाराला जाळी लावून, चौकटी पट्टीनं घट्ट करून आणि सूर्य उगवायच्या आत नव्या जागी उतरवून. वाहतुकीच्या आदल्या दिवशी पाक देऊ नका. न वाळलेला पाक हिसक्यांनी घरांतून सांडतो आणि माश्या त्यात बुडतात.